एकट्याच्या होडीस बाराचा उतारा हवा

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय केला. मासळी धरणारा व मासळी पाळणारा यांस वीज, कर्ज, विमा इत्यादी बाबतींत शेतकऱ्याच्या पंक्तीस बसवावयाचे, असा त्याचा थोडक्यात अर्थ. या निर्णयावर शेतकरीवर्गात दोन तऱ्हेची बोलणी होतात. पंक्तीत आणखी पाने मांडली म्हणजे आपल्या पानावरचे कमी होणार, अशी काहींस धास्ती वाटते. आणि दर्जाच्या कागदाने आपलेच पोट भरले नाही तर कोळ्याचे काय भरणार, असे दुसरे काही म्हणतात. आम्हांस या दोन्ही बोलण्यांपेक्षा निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्यास सरकारदरबारी जी काही किंमत आहे ती त्याच्या नावे असलेल्या उताऱ्यामुळे. कर्ज काढावयाचे असो, पिकाची नुकसानी मागावयाची असो, की जमीन रस्त्यात गेल्याचा मोबदला घ्यावयाचा असो, प्रथम उतारा दाखवावा लागतो. मग जो मनुष्य एकटाच एका लहान होडीत बसून खाडीत जाळे टाकतो, त्याने कोणता उतारा दाखवावा?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. ज्या वाचकांचा कांदा, बटाटा किंवा भाजीपाला वाशीच्या बाजार समितीत जातो, त्यांस सानपाडा हे नाव परिचयाचे असेल. मालाच्या गाड्या जेथे रिकाम्या होतात त्या आवारापासून हे गाव फार दूर नाही. आज तेथे आगगाडीचे स्थानक, उंच इमारती व पाम बीच नावाचा रुंद रस्ता आहे. त्या रस्त्याच्या पश्चिमेस गेले की तिवरांचे रान लागते, आणि रान संपले की ठाण्याची खाडी. भाव पडला म्हणून चिंतातुर झालेला शेतकरी आवारात बसलेला असतो, त्याच वेळी या रानापलीकडे कोणी एक जण चिखलात वासा रोवून ओहोटीची वाट पाहत असतो. दोघांचीही कमाई त्यांच्या हाती नसलेल्या गोष्टींवर अवलंबून असते. मात्र एकाचे नाव दप्तरात आहे आणि दुसऱ्याचे बहुधा नाही.

सानपाडा हे मूळचे ठाणे तालुक्यातील खाडीकाठचे गाव. या बाजूच्या आगरी व कोळी कुटुंबांचा निर्वाह कधीच एका धंद्यावर चालत नसे. पावसाळ्यात खारवट शेतांत भात, कोरड्या दिवसांत मिठागर आणि बारमाही खाडी अशी तीन कामे एकमेकांस आधार देत. राता, मोरचुका यांसारखी खार सोसणारी भाते बांध घातलेल्या जमिनीत होत. पण बांध फुटून उधाणाचे पाणी आत शिरले की ते पीक जाई, व पुढील एकदोन वर्षे जमिनीस खार राही. अवकाळी पाऊस आला की मिठागरही वाया जाई. अशा वर्षी घरात शिजणारे अन्न खाडीतून येत असे. घाटावरील शेतकऱ्यास दुभते जनावर जसे दुष्काळात उपयोगी पडते, तशी येथे होडी उपयोगी पडे. म्हणूनच खाडीतील मासेमारी हा शेतीबाहेरचा उद्योग होता, हे म्हणणे आम्हांस पटत नाही. तो त्याच कुटुंबाच्या शेतीचा एक भाग होता.

आता या होडीचे काम कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढील सर्व प्रतिपादन त्यावर अवलंबून आहे. ठाण्याची खाडी सुमारे सव्वीस किलोमीटर लांब असून तिच्या वरच्या भागात खोली फार कमी आहे. उधाणाच्या भरतीस जेथे पाणी पुरुषभर किंवा त्याहून अधिक असते, तेथे ओहोटीस नुसता चिखल उघडा पडतो. मोठ्या यांत्रिक नौकेस अशा जागी काही काम नाही. ती चिखलात रुतून बसेल. येथे पाहिजे ती वीतभर पाण्यावर तरंगणारी, एका माणसाने वल्ह्याने किंवा वाशाने हाकता येणारी आणि प्रसंगी चिखलावरून ओढून नेता येणारी होडी. भरतीबरोबर ती तिवरांमधल्या अरुंद फाट्यांत शिरते. तेथे कोणी फाट्याच्या तोंडाशी बोक्षी लावतो, कोणी चिंबोऱ्यांसाठी फग सोडतो, कोणी उभ्याने पाग फेकतो, कोणी केवळ गळ टाकून बसतो. बोय, शिंगाळी, कोळंबी, चिखलातील निवटी, आणि नशीब चांगले असेल तर एखादा जिताडा, असे हे पीक. पाणी उतरू लागले की जाळे उचलून, चिखल उघडा पडण्यापूर्वी काठ गाठावा लागतो. वेळ चुकली तर पुढील भरती येईपर्यंत तेथेच अडकून राहावे लागते. उधाण कधी, भांग कधी, याचे गणित ज्यास तोंडपाठ नाही त्याने या पाण्यात उतरू नये. हंगामाचे ज्ञान म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्याच प्रतीचे हे ज्ञान आहे. फरक इतकाच की शेतकऱ्याचा हंगाम वर्षातून दोनदा येतो, आणि याचा दिवसातून दोनदा.

पावसाळ्यातील मासेमारी-बंदी यांत्रिक नौकांस लागू असते, वल्ह्याच्या होडीस नसते. जून-जुलैत मोठ्या नौका बंदरात उभ्या असतात, त्या दिवसांत ताजी मासळी जी काही मिळते तीत या लहान होडीचा वाटा असतो. ही गोष्ट बाजारातील माणसांस ठाऊक आहे. कचेरीतील माणसांस ती ठाऊक असल्याचे दिसत नाही.

एकट्याने वापरावयाची तरती साधने आपल्या देशात नवी नाहीत. दख्खनच्या नद्यांवर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड छातीखाली घेऊन भोई लोक मासे धरीत. कोल्हापूर-सांगलीकडे नदीस पूर आला म्हणजे गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून माणसे व वैरण पलीकडे नेण्याची चाल आहे. गूळ आटविण्याचे भांडे नाव म्हणून वापरण्याची ही युक्ती शेतकऱ्याचीच. चोळमंडळाच्या किनाऱ्यावर ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्यास तमिळ भाषेत कट्टुमरम, म्हणजे बांधलेले लाकूड, असे म्हणतात. इंग्रजांनी त्याचेच कॅटमरान केले. तिकडे ग्रीनलंडातील शिकारी लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून एका माणसापुरती कयाक नावाची होडी करीत, आणि ती ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली असे. आज पाश्चात्य देशांत या कयाकीचे प्लास्टिकचे रूप हौशी गळवाल्यांच्या हाती गेले आहे. दोन फुगविलेल्या नळकांड्यांमध्ये आसन बसवून पाँटून नावाचे साधनही तेथे विकतात. आमच्या मते ते भोपळ्याच्या सांगडीचेच सुधारलेले भावंड होय. अशी साधने आपल्याकडील धरणांवर व तलावांवरही हौशी मंडळींबरोबर येऊ लागली आहेत. त्यांस आमचा विरोध नाही. मात्र ज्या पाण्यावर एखाद्या मच्छीमार संस्थेचा ठेका असेल त्या पाण्यात तिला विचारल्यावाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यातील कणसे मोडण्यासारखेच आहे.

हौशी माणसाची होडी बुडाली तर त्याची मौज बुडते. सानपाड्याच्या किंवा वाशीगावच्या माणसाचे तसे नाही. त्याची हकीगत समजण्यासाठी पन्नासांहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

सिडको हे महामंडळ १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाले आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. मोबदला अपुरा म्हणून शेतकऱ्यांत असंतोष वाढत गेला. कै. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई व दास्तान फाटा येथे झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण कामी आले. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. शेतकऱ्यांच्या चळवळीचा हा मोठा विजय होय व त्याचे मोल आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाही. परंतु साडेबारा टक्के कशाचे, तर जमिनीचे. जे शेत सातबारावर होते त्याचे साडेबारा टक्के निघाले. जे पाणी कोणाच्याच सातबारावर नव्हते, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे शून्य. ज्या घरात चार एकर भात व एक होडी होती त्याचे भात मोजले गेले आणि होडी मोजावयाची राहिली. ज्या घरात केवळ होडीच होती, त्याचे या सूत्रात काय मोजावे?

खाडीवर पहिला पूल १९७३ साली झाला, पुढे दुसरा झाला, आणि नंतर तिसरा निघाला. या तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीगावच्या मरीआई मच्छीमार सहकारी संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. आमची वहिवाटीची मासेमारीची जागा या कामाने जाते, सबब भरपाई मिळावी, असे तिचे म्हणणे होते. सन २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुलाचे काम न थांबविता मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला. भरपाईचे धोरण अस्तित्वात नाही ही सबब न्यायालयाने ऐकून घेतली नाही. त्यानंतर २०२३ साली राज्य सरकारने प्रकल्पांमुळे बाधित होणाऱ्या मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण ठरविले. एका गावच्या संस्थेने लढून साऱ्या किनाऱ्यासाठी मिळविलेली ही गोष्ट आहे. शेतकऱ्यांच्या सभांतून तिचा उल्लेख क्वचितच होतो, याचे आम्हांस नवल वाटते.

पण धोरण झाले तरी ते लागू करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर पहिला प्रश्न हाच येणार की बाधित कोण? मोठ्या नौकेची नोंदणी असते, परवाना असतो, डिझेलचा हिशेब असतो. राज्यात १९८१ पासून सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा आहे व त्याखाली परवाने दिले जातात. परंतु चिखलावरून ओढून नेता येणारी बारा-पंधरा फुटांची होडी, किंवा त्याहून हलका तराफा, ह्यांचा मालक परवान्याच्या खिडकीपर्यंत पोहोचलेला असेलच असे नाही. त्याची वहिवाट त्याच्या वल्ह्यात आणि शेजाऱ्यांच्या आठवणीत असते. आणि शेजाऱ्यांच्या आठवणीवर मोबदला मिळत नाही, हे जमीन गेलेल्या कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको.

येथे आमची सूचना अशी आहे. सातबारा या जोडशब्दात दोन निरनिराळे नमुने आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांस माहीत आहे. सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तीत पीक कोणते. खाडीवर कोणास सात मिळू शकत नाही व मिळूही नये. भरती-ओहोटीची जागा व खाडीचे तळ हे १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे राज्याच्या मालकीचे आहेत, ते तसेच असावेत. उद्या खाडीचे गुंठे पडू लागले तर ते कोळ्याच्या नावे राहणार नाहीत, हे लिहून ठेवावे. परंतु बारा द्यावयास काय हरकत आहे? अमुक मनुष्य, अमुक मापाची होडी, अमुक फाट्यात अमुक महिन्यांत, अमुक जाळ्याने अमुक मासळी धरतो, एवढीच नोंद. मालकीचा एकही शब्द तीत नको. मच्छीमाराने सात मागितलेला नाही. त्यास बारा हवा.

ही नोंद करावयास नवे खाते उघडण्याची गरज नाही. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकरी आपल्या पिकाची पाहणी आपल्याच हातातील मोबाइलवरून नोंदवू लागला. ई-पीक पाहणीत अडचणी पुष्कळ आल्या व अद्यापि येतात, तरी तलाठ्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ते बरे, असा आमचा अनुभव आहे. तीच पद्धत होडीस लावावी. मच्छीमाराने आपल्या होडीचे व जाळ्याचे छायाचित्र जागेवरून घालावे, त्याच्या संस्थेने वर्षातून एकदा ते तपासावे, आणि मत्स्यव्यवसाय खात्याने शिक्का मारावा. पिकाच्या बाराप्रमाणे ती दरवर्षी नवी व्हावी. ज्याने होडी मोडली त्याचे नाव गळेल, ज्याच्या मुलाने नवी केली त्याचे चढेल. खोटी नावे घुसतील, असा आक्षेप येईल. घुसतील. पीकपाहणीतही न लावलेला ऊस घुसतो. म्हणून कोणी पीकपाहणी बंद करा म्हणत नाही. सानपाड्यासारख्या गावी तर हे काम लवकर व्हावयास हवे, कारण तेथे ग्रामपंचायत राहिलेली नाही, १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार आहे, आणि शहराच्या दप्तरात नळ, घर व मोटार यांस रकाने आहेत, होडीस नाही.

भरपाईवाचूनही या बाराचा एक उपयोग आहे व तो आम्हांस अधिक मोठा वाटतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० नंतरच्या काळात कारखाने उभे राहिले, मागाहून शहर वाढले, आणि दोहोंचे सांडपाणी खाडीस मिळाले. मासळी कमी झाली असे काठावरचा प्रत्येक म्हातारा सांगतो. पण किती कमी झाली? शेतात पीक बुडाले तर पूर्वी आणेवारी काढीत, आता पैसेवारी काढतात, आणि त्यावर सवलत ठरते. खाडीची पैसेवारी काढता येत नाही, कारण साधारण वर्षाचे पीक किती, हेच कोठे लिहिलेले नाही. दहा वर्षे ही नोंद झाली तर अकराव्या वर्षी कोणत्या फाट्यातील निवटी नाहीशी झाली, ते आकड्यांनी दाखविता येईल. वाशीच्या पुलाच्या उत्तरेस २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले, आणि २०२२ साली ठाण्याची खाडी रामसर यादीत गेली. पक्ष्यांची शिरगणती होते हे योग्यच आहे. त्याच चिखलावर पोट भरणाऱ्या माणसांचीही व्हावी, एवढेच आम्ही मागतो.

आता थर्माकोलविषयी दोन शब्द. लाकडी होडी महाग झाली, फायबरची सर्वांस परवडत नाही, म्हणून खाडीत काय किंवा धरणांच्या फुगवट्यावर काय, थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेले तराफे दिसतात. उजनीकडे मालमोटारीची फुगविलेली ट्यूबही चालते. गरिबाने केलेली ही सोय आहे, तिची टवाळी करणे आम्हांस आवडत नाही. पण थर्माकोल उन्हात व खाऱ्या पाण्यात झिजून त्याचे मणी सुटतात, ते पाण्यात पसरतात, आणि मासळी व पक्षी ते खाद्य समजून गिळतात. शिवाय वाऱ्याचा झोत आला तर असा तराफा आवरत नाही. वर बसलेल्या माणसाच्या अंगावर जीवरक्षक जाकीटही नसते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्या बंद झाल्या. तराफ्यासही बंदीच घालावी असे कोणी सुचवील. आमचे मत विरुद्ध आहे. बंदी घातली की तराफा लपेल, आणि लपलेल्या माणसाचे नाव नोंदीत येणार नाही. आधी तराफ्यासकट त्याचे नाव लिहून घ्यावे, मग त्यास चांगली होडी मिळवून द्यावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांस होडी व जाळी यांकरिता साहाय्य ठेवलेले होते. खर्चाच्या ४० टक्के, आणि स्त्रिया व अनुसूचित जातिजमातींस ६० टक्के. अशा साहाय्यात एकट्याने हाकावयाच्या, न बुडणाऱ्या, फायबरच्या लहान होडीस स्वतंत्र स्थान मिळाले तर थर्माकोल आपोआप मागे पडेल. ग्रीनलंडच्या माणसाने आपल्या मापाची होडी केली, तशी आपल्या चिखलाच्या मापाची होडी करून देणे एखाद्या तंत्रनिकेतनास अवघड पडू नये.

खारभूमीतील काही वाचक आम्हांस विचारतील की, रात्री येऊन आमच्या बांधाची उघाडी उचलतात व मासळीसाठी खारे पाणी आत घेतात, त्यांचीच तरफदारी आपण करता काय? ही तक्रार जुनी आहे व खरी आहे. उघाडी उचलल्याने एका रात्रीत भाताचे शेत खारावते, व त्या नुकसानीस क्षमा नाही. परंतु हे काम कोणाचे, हे तरी आज कोठे कळते? अंधारात सर्व होड्या सारख्या दिसतात. ज्याचे नाव व फाटा नोंदलेला आहे त्यास आपल्या नावाची काळजी राहील, आणि शेतकऱ्यासही बोलावयास कोणी एक माणूस मिळेल. पेण-अलिबागकडे शेततळ्यांत जिताडा पाळणारी शेतकरी घराणी आहेत. बांधाच्या आतली मासळी व बाहेरची मासळी यांची विभागणी सामोपचाराने होऊ शकते, हे तेथील लोकांस सांगावे लागत नाही. खारबांधाची दुरुस्ती ज्या बैठकीत ठरते, त्या बैठकीस होडीवाल्यांचे दोन प्रतिनिधी बोलवावेत. उघाडी कोणत्या तिथीस उघडावयाची व कोणत्या तिथीस मिटावयाची, ते उभयतांनी बसून लिहून काढावे.

येत्या पावसाळ्यापूर्वी किनारी जिल्ह्यांतील आपल्या संस्थेच्या शाखांनी आपापल्या गावच्या मच्छीमार संस्थेस पत्र पाठवून होड्यांची साधी यादी मागवावी, अशी आमची विनंती आहे. छापील नमुना नसला तरी चालेल. वहीचे एक पान, त्यावर नाव, होडीची लांबी, ती लाकडी की फायबरची की थर्माकोलची, जाळे कोणते, फाटा कोणता, आणि किती वर्षांपासून. वर्षांचा रकाना गावातील वृद्ध माणसांना विचारूनच भरावा, कारण पुढे तोच सर्वांत अधिक कामास येईल.